भूमिका आणि चेहरा

मनुष्यास आपण जें आहों तेवढ्यावर समाधान कधींच वाटलेलें नाहीं. लहान मूल काठीवर टांग टाकून घोडेस्वार होतें, चिंचोक्यांचें दुकान मांडून वाणी होतें, बाहुलीची आई होतें. आणि मोठीं माणसें नाटक पाहतात, कादंबरी वाचतात, शिमग्यांत सोंगें आणतात. या सर्वांच्या मुळाशीं भूक एकच : घटकाभर दुसरें कोणी तरी होऊन पाहण्याची. नटानें घेतलेल्या पात्राला आपल्या भाषेंत 'भूमिका' म्हणतात, आणि उभें राहण्याची जागा हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दुसऱ्याचा वेष घेणें हें साधन. दुसऱ्याच्या जागीं उभें राहून तेथून जग कसें दिसतें तें पाहणें हें साध्य.

हीच भूक भागविणारा एक नवा खेळ गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरला आहे. संगणकावर वा मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमांपैकीं ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्यांस या लेखापुरतें आम्ही 'भूमिकेचे खेळ' म्हणूं. त्यांत खेळणारा एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची वा भटक्याची भूमिका घेतो, एका कल्पित देशांत हिंडतो, भेटेल त्याच्याशीं बोलतो, प्रसंगीं लढतो, आणि त्याच्या निर्णयांप्रमाणें कथेला वळण लागतें. अंबाजोगाई, परळी, माजलगांव अशा आमच्या बीड जिल्ह्यांतील गांवींही कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांच्या तोंडीं या खेळांचीं नांवें आज सहज येतात. त्यांच्यांत एक वाद ऐकूं येतो. कांहीं म्हणतात, जुन्या खेळांतील ठिपक्याठिपक्यांचीं ओबडधोबड चित्रेंच खरीं सुंदर. नव्या खेळांत केसन् केस दिसतो, पण जीव रमत नाहीं. दुसरे म्हणतात, हा नुसता जुन्याचा सोस. ज्याला चेहराच नाहीं त्या बाहुल्याच्या सुखदुःखाशीं समरस व्हावें तरी कसें? वाद वरवर पाहतां आवडीनिवडीचा आहे. परंतु त्याच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. दुसऱ्याची भूमिका घेतांना चित्रानें आपणांस किती दाखवावें, आणि कोणाचें दाखवावें?

प्रौढ वाचक म्हणतील, पोरांच्या खेळाची एवढी चिकित्सा कशाला? आमचें उत्तर असें कीं, कादंबरीविषयींही आपल्याकडे एके काळीं असेंच म्हटलें जात असे, आणि नाटकाविषयीं तर याहून कडक. ज्या वस्तूला तरुण मनुष्य आपल्या दिवसाचे तासच्या तास देतो, ती वस्तु त्याच्या मनाला वळण लावीत असते. मग वडील मंडळींनीं तिची दखल घेतलेली असो वा नसो. निंदेनें किंवा डोळेझांक केल्यानें ती घरांतून जात नाहीं. समजून घेतली तर निदान तिच्यांतलें निवडतां पाखडतां येतें.

या खेळांचा जन्म चित्रावांचून झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोंवतीं चारपांच जणांनीं बसावें, एकानें कथा सांगावी, इतरांनीं आपापल्या पात्राच्या वतीनें 'मी आतां असें करतों' म्हणावें, आणि यशापयश फांशांनीं ठरवावें, असें त्याचें स्वरूप. गुहा, राक्षस, किल्ला, सारें सांगणाऱ्याच्या बोलण्यांत आणि ऐकणाऱ्याच्या मनांत. पुढें संगणकानें निवेदकाची जागा घेतली. १९८१ मधील 'विझर्ड्री' या खेळांत भुयारी चक्रव्यूहाच्या भिंती म्हणजे पडद्यावरील कांहीं सरळ रेघा, आणि खेळणाऱ्याची टोळी म्हणजे नांवांची व आंकड्यांची एक यादी. १९८६ सालीं जपानांत निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चा सारा पसारा, नकाशे, संवाद, संगीत आणि चित्रें धरून, ६४ किलोबाइटांत बसविलेला होता; आज मोबाईलनें काढलेलें एक साधें छायाचित्रही त्याच्या कित्येक पट जागा घेतें. त्यांतील नायक नकाशावर हिंडतो तो १६ उभ्या आणि १६ आडव्या ठिपक्यांच्या चौकोनांत. एवढ्याशा जागेंत मुकुट दाखवावा तर नाक राहत नाहीं, नाक दाखवावें तर डोळे राहत नाहींत. आणि रंग तर अशा आकृतीला तीनच. तेव्हां चित्रकाराला चित्र काढावयाचें नव्हतें, खूण करावयाची होती. ती खूण धरून चित्र पुरें करण्याचें काम खेळणाऱ्याकडे होतें.

आज ही टंचाई उरलेली नाहीं. २०१५ सालीं पोलंडांत तयार झालेला 'द विचर ३' किंवा २०२३ सालीं बेल्जियममधील लारियन या संस्थेनें पुरा केलेला 'बॉल्डर्स गेट ३' पाहावा. गवत वाऱ्यानें लवतें, दिव्याचा उजेड भिंतीवर थरथरतो, बोलतांना पात्रांचे ओंठ शब्दांबरोबर हालतात. यांपैकीं दुसऱ्या खेळांत तर खऱ्या नटांच्या हालचाली यंत्रानें टिपून त्या चित्रांतील आकृतींवर चढविलेल्या आहेत. कल्पनेनें भरावी अशी जागा चित्रांत जवळजवळ शिल्लक ठेविलेली नाहीं. जें सांगावयाचें तें सर्व डोळ्यांस सांगून टाकलें आहे.

जुन्याच्या बाजूनें बोलावयाचें तर आधार शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि वरच्या अंगाला तिच्या पलीकडील तीरावर पैठण आहे. चित्रकथी लोक जीं चित्रें समोर धरून रामायण-महाभारतांतील कथा सांगत, त्यांच्या एका शैलीला या पैठणचेंच नांव पडलें आहे; तिचे नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आहेत. दक्षिण कोंकणांत कुडाळनजीकच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा आजपर्यंत जिवंत ठेविली आहे, आणि तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पैठणच्या चित्रांत चेहरे बहुधा एकाच बाजूनें दिसतात. डोळे प्रमाणाबाहेर मोठे, रंग सपाट. अंतर वा सावली दाखविण्याची खटपट नाहीं. डोळ्यांस एवढेंच दिसे. पण कथेकरी गाऊं लागला म्हणजे तेंच चित्र रडूं लागे आणि तेंच गर्जूं लागे. बोललेल्या अर्थाहून सुचविलेला अर्थ श्रेष्ठ, हें आनंदवर्धनानें नवव्या शतकांत काव्याविषयीं सांगितलें. तें पैठणच्या चित्रांसही लागू पडतें आणि ड्रॅगन क्वेस्टच्या ठिपक्यांसही. जेथें रेषा थांबते तेथून पाहणाऱ्याचें काम सुरू होतें, आणि ज्यांत आपण काम केलें तें आपलें वाटतें.

परंतु एवढ्यावर निकाल देऊन मोकळें होणें अन्यायाचें होईल. जुन्या खेळांची काटकसर हा संयम नव्हता, ती अडचण होती. उपास आणि उपासमार यांत जो भेद आहे तोच येथें आहे. १९८७ मधील 'फायनल फँटसी' या खेळासाठीं योशिताका अमानो यांनीं काढलेलीं चित्रें नाजूक, सडपातळ, वाहत्या रेषांचीं आहेत. पडद्यावर येतांना मात्र त्यांचीं ठेंगणीं ठोकळेबाज बाहुलीं झालीं. यंत्राच्या अंगीं शक्ति असती तर अमानोंची रेषाच पडद्यावर उतरली असती, आणि तिला कोणी नको म्हटलें नसतें. गरिबींतून कधीं कधीं सद्गुण निपजतो हें खरें; पण म्हणून गरिबीलाच सद्गुण म्हणणें हें ज्यांनीं ती भोगली नाहीं त्यांचें काव्य असतें.

शिवाय कांहीं गोष्टी नुसत्या खुणेनें साधत नाहींत. द विचर ३ मध्यें एक दारुडा सरदार भेटतो. त्याची बायको आणि मुलगी नाहींशा झालेल्या आहेत. त्यांस शोधून काढावें अशी तो गळ घालतो. हळूहळू कळतें कीं तो बायकोला मारीत असे, आणि अशाच एका भांडणानंतर तिचा गर्भ गेला. हा मनुष्य ठिपक्यांचा बाहुला असता तर खेळणाऱ्यानें त्याला 'दुष्ट' या सदरांत टाकून पुढचा रस्ता धरला असता. पण त्याचा सुजलेला चेहरा आणि कबुली देतांना खालीं गेलेला आवाज समोर असतो, म्हणून तसें करतां येत नाहीं. आणि त्याला क्षमा करणेंही जमत नाहीं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर ज्यांनीं रंगभूमीवर पाहिला असेल त्यांस ही मनाची कोंडी ओळखीची वाटेल. तें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि फाटक्या लुगड्यांतील सिंधू होऊन बालगंधर्व समोर उभे राहिले तेव्हां वाचण्यापेक्षां पाहण्यानें काय अधिक होतें तें महाराष्ट्राला कळलें. हुबेहूब दिसण्यांतही नैतिक सामर्थ्य असतें. तें नाकारून चालावयाचें नाहीं.

तर मग जुन्या-नव्याचा निवाडा करावा कसा? आमच्या मतें प्रश्नच नीट मांडला जात नाहीं. चित्र ठळक असावें कीं पुसट, हा प्रश्न नव्हे. ठळक कोणाचें आणि पुसट कोणाचें, हा प्रश्न आहे. भूमिकेच्या खेळांत चेहरे दोन असतात. एक ज्याची भूमिका आपण घेतली त्याचा, म्हणजे खेळापुरता आपला. दुसरा समोर भेटणाऱ्याचा. या दोहोंस चित्रकलेचा एकच नियम लावणें हीच सारी गल्लत होय. समोरच्याचा चेहरा जितका स्पष्ट, तितकें त्याच्याशीं निष्ठुर होणें कठीण. आपला चेहरा जितका पुसट, तितकें त्या जागीं कोणालाही उभें राहणें सोपें.

हा नियम उत्तम खेळांनीं, जुन्यांनीं तसाच नव्यांनीं, न सांगतां पाळलेला दिसतो. ड्रॅगन क्वेस्टमध्यें लढाईचा प्रसंग आला कीं नायक पडद्यावरून नाहींसा होतो. दिसतो तो केवळ समोरचा शत्रु. आणि त्या शत्रूंना अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) या चित्रकारानें असें कांहीं व्यक्तित्व दिलें आहे कीं त्यांतला सर्वांत क्षुद्र, थेंबासारखा प्राणीसुद्धां हंसतमुख आहे. १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्यें रिचर्ड गॅरियट यानें याहून धीट योजना केली. तेथें आरंभीं खेळणाऱ्यास नाकडोळे निवडावयास सांगत नाहींत. भविष्य सांगणारी एक बाई त्याला सात प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्न म्हणजे दोन सद्गुणांमधला पेंच असतो : येथें दया करावी कीं न्याय, येथें खरें बोलावें कीं दिलेला शब्द राखावा. त्या उत्तरांवरून भूमिका ठरते. पुढें या खेळांत मारावयाचा असा कोणी मोठा खलपुरुष नाहीं. आठ सद्गुण अंगीं बाणवून 'अवतार' व्हावयाचें, हें ध्येय. हा शब्द गॅरियटनें आपल्याच परंपरेंतून घेतलेला आहे. औषधी विकणारी एक आंधळी बाई त्यांत भेटते. तिच्यापुढें किती नाणीं ठेवावयाचीं तें खेळणाऱ्यानें स्वतः ठरवावयाचें. कमी ठेवलीं तर तिला दिसत नाहीं. पण खेळाच्या हिशेबीं तुमच्या प्रामाणिकपणांत तेवढी तूट पडते. पडद्यावर ठिपक्यांचा बाहुला असतो खरा, पण त्या दुकानांत उभा असतो तो खेळणारा स्वतःच. तेथें बाहुल्याला रेखीव नाक असतें तर चोरी त्या नाकाच्या नांवावर खपविण्याची सोय झाली असती.

नव्यांपैकीं २०१५ चा 'अंडरटेल' घ्यावा. टोबी फॉक्स या तरुणानें तो बहुतांशीं एकट्यानें रचला, आणि ठिपक्यांची जुनी शैली अडचण म्हणून नव्हे, खुषीनें पत्करली. लढाईच्या वेळीं समोरचा राक्षस काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांनीं मोठा रेखलेला असतो. एक भित्रा, एक गर्विष्ठ, एकाला आपल्या विनोदांस कोणी हंसत नाहीं याचें दुःख. आणि खेळणारा स्वतः म्हणजे त्यांच्यापुढें एक इवलेंसें तांबडें हृदय. या खेळांत एकाचाही जीव न घेतां शेवट गांठतां येतो. २०१९ चा 'डिस्को एलिझियम' हा एस्टोनियांतील लेखक-चित्रकारांच्या मंडळीनें निर्माण केला. त्याचें सारें जग तैलरंगाच्या जाड फटकाऱ्यांनीं रंगविल्यासारखें आहे. आणि त्याचा नायक, एक पोलीस अधिकारी, दारूच्या धुंदींतून जागा होतो तो आपलें नांव आणि आपला चेहरा दोन्ही विसरून. जुन्या खेळांना जें नाइलाजानें करावें लागलें, तें या दोघांनीं जाणून केलें. म्हणजे मुद्दा काळाचा नाहीं आणि यंत्राच्या शक्तीचाही नाहीं.

या विचाराला गोदातीरींच मोठा आधार आहे. सोळाव्या शतकांत पैठणच्या एकनाथांनीं भारुडें रचलीं, तीं काय होतीं? जोशी, गोंधळी, वासुदेव, वाघ्या, मुरळी, आंधळा, बहिरा आणि गांवकुसाबाहेरचा महार, अशा एकेकाची भूमिका घेऊन ते बोलले. भारुडाचें सोंग आजही उभें राहतें तें एका घोंगडीवर, एका काठीवर, फार तर कपाळींच्या भंडाऱ्यावर. सोंग आणणारा दिसावयास कसा आहे इकडे कोणाचें लक्ष नसतें. तो पुसट होतो, आणि ज्याचें सोंग तो मनुष्य ठळक होतो. ज्या काळीं महाराची सावली टाळली जात होती, त्या काळीं पैठणच्या ब्राह्मणानें त्याच्या तोंडानें 'जोहार' घातला, यांत केवळ करमणूक नव्हती; जागा बदलून पाहण्याचें धैर्य होतें. तेवढ्यानें समाज पालटला नाहीं हें खरें. पण जागा बदलून पाहिल्यावांचून तो पालटण्यास आरंभही होत नाहीं. संस्कृत साहित्यशास्त्रांत भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनीं ज्याला साधारणीकरण म्हटलें तेंही याच जातीचें : 'हें माझें' आणि 'हें परक्याचें' ही कुंपणें घटकाभर मोडतात, तेव्हां कोठें रस उत्पन्न होतो. आपला 'मी' नटवून सजवून पुढें उभा केला तर कुंपण मोडत नाहीं. तें अधिक उंच होतें.

आजच्या बाजाराची ओढ मात्र नेमकी उलट दिशेची आहे. नव्या भूमिकाखेळाचा आरंभ पुष्कळदां आरशापुढें होतो. गालाचें हाड किती वर, हनुवटी किती रुंद, केस कोणत्या रंगाचे, हें ठरविण्यांत तास निघून जातो, आणि दयेचा वा न्यायाचा प्रश्न अजून कोणी विचारलेलाच नसतो. पुढें खेळभर आपली पाठमोरी आकृति आपल्याच डोळ्यांपुढें चालत असते, आणि तिच्या अंगरख्याची कड व तलवारीची मूठ पाहण्यांत समोरचा मनुष्य राहून जातो. बाजारानें यापुढचीही पायरी गांठली आहे. २०२० सालीं एका चिनी कंपनीनें काढलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ मोबाईलवर फुकट मिळतो. चित्रें अत्यंत मोहक. परंतु त्यांतील बहुतेक नवीं पात्रें हवीं असतील तर सोडतीसारख्या योजनेंत नशीब अजमावावें लागतें, आणि तें वारंवार अजमावावयाचें तर पैसे मोजावे लागतात. येथें चेहरा ही उभें राहण्याची जागा राहिली नाहीं. तो पेटींत जमवावयाचा माल झाला. त्या चित्रकारांच्या कौशल्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सौंदर्य हा दोष नव्हे. सौंदर्य कोणाच्या सेवेला लाविलें, एवढेंच आम्ही विचारतों.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. कोरडवाहू गांवांतला एक मुलगा आहे. कचेरींत त्याच्या बापाला कोणी बसा म्हणत नाहीं; वर्तमानपत्रांत त्याच्या गांवाचें नांव येतें तें दुष्काळापुरतें. त्यानें रात्रीं मोबाईलवर आपल्यासाठीं एक देखणा, बलवान, रुबाबदार चेहरा घडविला, तर खुर्चींत बसून लिहिणाऱ्या प्राध्यापकानें त्याला 'आपला चेहरा पुसट ठेव' असें सांगावें काय? ज्याचा चेहरा जगानेंच कायम पुसट ठेविला, त्याला हा उपदेश कोणत्या तोंडानें करावयाचा?

हा आक्षेप आमच्या जिल्ह्यांत तर फारच बोंचतो. दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास येथून लाखों माणसें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात व हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागें. टोळी मोजतात ती कोयत्यांनीं. दोन जिवंत माणसें, आणि हिशेबांत त्यांचें नांव एका हत्याराचें! अशा घरांतून आलेल्या मुलास चेहऱ्याची भूक असावी यांत नवल तें काय?

भूक खरी आहे. परंतु तिला वाढलेलें ताट खोटें आहे. पडद्यावर त्या मुलाला जो चेहरा मिळतो तो त्याचा नसतो. तो दूरदेशींच्या कोणा चित्रकारानें काढलेला आणि कोणालाही विकला जाणारा चेहरा असतो. त्याला हवें असतें दुसऱ्यांनीं आपणांस पाहणें; मिळतें काय, तर आपणच उसन्या चेहऱ्याकडे पाहत बसणें. सकाळीं मोबाईल खालीं ठेवला कीं कचेरींतल्या खुर्चीवरचा मनुष्य त्याच्या बापाकडे कालच्याच नजरेनें पाहतो. ती नजर बदलावयाची तर उपाय एकच : खुर्चीवरच्या मनुष्यानें, किंवा त्याच्या मुलानें, कधीं तरी या बापाच्या जागीं उभें राहिलें पाहिजे. म्हणजे 'समोरच्याचा चेहरा ठळक असावा' हा जो नियम आम्हीं मांडला, तो या मुलाविरुद्ध नसून त्याच्याच बाजूचा आहे. आपला चेहरा पुसट ठेवण्याचें कर्तव्य प्रथम त्यांच्यावर येतें ज्यांचा चेहरा आजवर सर्वत्र ठळक होता, आणि आमच्या वाचकांतील पुष्कळांचीं घरें याच वर्गांत मोडतात. सधन घरांतील मुलानें भूमिका घ्यावी आणि तिच्यांतही आपणांसच सजवीत बसावें, यासारखा कल्पनेचा अपव्यय दुसरा नाहीं.

असे खेळ निर्माण होणें शक्य आहे काय? शक्य आहे, कारण तसे झालेले आहेत. २०१३ सालीं ल्यूकस पोप यानें 'पेपर्स, प्लीज' नांवाचा एक खेळ केला. त्यांत एका कल्पित देशाच्या सीमेवरील तपासनीसाच्या जागीं खेळणाऱ्यास बसविलें आहे. समोर एकेक मनुष्य कागद घेऊन येतो. नियमांत न बसणाऱ्याला आंत सोडावें तर पगार कापला जातो आणि घरीं मूल थंडीनें कुडकुडतें. परत पाठवावें तर त्याचा संसार मोडतो. रंग मळकट, रेषा ओबडधोबड. तपासनीसाचा चेहरा कामाच्या टेबलापुढें आपणांस दिसत नाहीं. दिसतो तो खिडकीपलीकडच्या मनुष्याचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी ही त्याची नायिका. काटेकोर अर्थानें तो भूमिकेचा नसून साहसाचा खेळ आहे. पण पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या यांच्या आधारानें आपल्या देशींची रेषा या नव्या माध्यमांत बोलूं शकते, हें त्यानें दाखवून दिलें.

मग पैठणच्या त्या मोठ्या डोळ्यांनीं उसाच्या फडाकडे पाहतां येणार नाहीं काय? खेळणाऱ्यानें मुकादम व्हावें. हातांत हिशेबाची वही असावी, समोर उचल मागणारीं जोडपीं उभीं असावींत, आणि त्यांचे चेहरे असे रेखावे कीं 'कोयता' हा शब्द लिहितांना हात अडखळावा. किंवा त्यानें बारा वर्षांची मुलगी व्हावें. आईबाप पहांटे फडावर गेल्यानंतर कोपीपाशीं धाकट्या भावास कडेवर घेऊन बसावें, आणि शाळेचा कोणता धडा बुडाला तें आठवून पाहावें. तेथें त्या मुलीचें नाक कसें आहे हें दाखविण्याची गरज नाहीं. तिला काय दिसतें तेवढें दाखविलें म्हणजे पुरे. एकनाथ आज असते तर त्यांनीं हें साधन कमी लेखलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

घरांत मूल असा खेळ खेळत असेल तर तो जुना आहे कीं नवा, त्यांतील चित्रें ठिपक्यांचीं आहेत कीं हुबेहूब, याची चौकशी आईबापांनीं सोडून द्यावी. 'किती वेळ खेळलास?' हें विचारणें रास्त आहे, पण पुरेसें नाहीं. दोन प्रश्न आणखी विचारावे. आज तूं कोण झाला होतास? आणि तुला कोण भेटलें? पहिल्याचें उत्तर भरभरून येत असेल आणि दुसऱ्याला मूल गप्प राहत असेल, तर खेळ कितीही सुंदर असला तरी त्यानें मुलाला कोठेंच नेलेलें नाहीं. तें आपल्याच दारांत उभें आहे. पण दुसऱ्या प्रश्नाला तें उत्साहानें उत्तर देऊं लागलें, भेटलेल्या एखाद्या दुबळ्या माणसाविषयीं बोलतांना त्याचा स्वर जरा बदलला, तर आईबापांनीं थोडा वेळ शेजारीं बसावें आणि पुढें काय झालें तें ऐकून घ्यावें.